चौकशीचा कागद आणि माणसाची अब्रू

कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो पगार, बोनस आणि महागाईभत्ता यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आणि ती बहुधा खरी ठरते. यंदा आम्ही जो विषय मागून घेतला तो पैशाच्या हिशेबात सहजी बसत नाही. नोकरी सुटलेल्या माणसाविरुद्ध कारखान्यात झालेल्या चौकशीचे निष्कर्ष बाहेर फुटले, चारचौघांत पसरले, आणि त्यावरून त्याने अब्रूनुकसानीचा दावा करायचे म्हटले, तर कायदा त्याच्या पदरात काय टाकतो आणि काय टाकीत नाही, एवढेच समजावून सांगण्याचा हेतू आहे. युनियनच्या कचेरीत माणूस येतो तो ‘मला कामावर परत घ्या’ असे म्हणत. तो आजही येतो. पण आता त्याच्या मागोमाग दुसरा एक येऊ लागला आहे. त्याला नोकरी परत नको असते. तो म्हणतो, माझ्या नावाला जे चिकटवले आहे ते काढा.

आम्ही वकील नव्हे. आमची शाळा सातवीला सुटली. कायदा शिकलो तो कामगार न्यायालयाच्या बाकावर बसून आणि दुसऱ्यांची निकालपत्रे वाचून. तेव्हा भाषा वकिली नसेल, ती श्रोत्यांनी चालवून घ्यावी.

प्रथम हा कागद म्हणजे काय ते पाहू. एखाद्यावर गैरवर्तनाचा ठपका आला म्हणजे त्याला आरोपपत्र मिळते, तो खुलासा देतो, मग चौकशी-अधिकारी नेमला जातो. कामगारांच्या बोलीत हीच ‘इन्क्वायरी’. साक्षीदारांच्या जबान्या होतात, उलटतपासणी होते, आणि अधिकारी आपले निष्कर्ष लिहून मालकाकडे धाडतो. हा अधिकारी पुष्कळदा मालकाचा पगारी माणूस असतो, नाही तर मालकाने फी देऊन आणलेला वकील. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयाला जागा न ठेवता शाबीत व्हावा लागतो. इथे ‘असे घडले असण्याचा संभव अधिक’ एवढ्यावर भागते. म्हणजे ‘आरोप सिद्ध’ हे शब्द कोर्टाच्या निकालात आणि चौकशीच्या अहवालात सारखेच दिसले, तरी दोहोंचे वजन सारखे नाही. गेटबाहेरच्या माणसाला हा फरक कोण सांगणार?

हा अहवाल पाहण्याचा हक्क कामगाराला आहे. सुप्रीम कोर्टाने १९९० साली रमझान खान यांच्या खटल्यात आणि पुढे १९९३ साली करुणाकर यांच्या खटल्यात हे पक्के केले की, शिक्षा ठरवण्यापूर्वी अहवालाची प्रत ज्याच्यावर आरोप आहे त्याला मिळालीच पाहिजे, म्हणजे निष्कर्ष कुठे चुकला ते त्याला सांगता येईल. त्याला मिळावी याचा अर्थ सगळ्यांना मिळावी असा मात्र नव्हे. सरकारी नोकरांपुरते बोलायचे तर सुप्रीम कोर्टाने २०१२ साली गिरीश देशपांडे यांच्या प्रकरणात असे ठरवले की, नोकराला दिलेले मेमो, कारणे दाखवा नोटिसा, शिक्षेचे हुकूम ही त्याची व्यक्तिगत माहिती होय. व्यापक लोकहित दाखवल्याशिवाय माहिती-अधिकारातही ती दुसऱ्याला मागता येत नाही. त्या निकालावर टीका झाली, आणि भ्रष्ट अधिकाऱ्याला आडोसा मिळाला ही टीका आम्हांलाही अगदीच गैर वाटत नाही. पण शिपायाच्या आणि कारकुनाच्या बाबतीत तो निकाल उपयोगाचा आहे.

आता कागद फुटतो कसा? आमच्या माहितीतले एक स्टोअरकीपर होते. एकोणीस वर्षे एकाच कारखान्यात. तांब्याच्या तारेच्या साठ्यात घट निघाली. चौकशी झाली, आणि निष्कर्ष निघाला तो इतकाच की, नोंदवही वेळच्या वेळी भरण्यात निष्काळजीपणा झाला. ‘चोरी’ हा शब्द आरोपपत्रातही नव्हता. गृहस्थांनी राजीनामा दिला, हिशेब घेतला आणि बाहेर पडले. महिना झाला नाही तोच अहवालाच्या शेवटच्या पानाचा फोटो टाइम-ऑफिसातून निघून खात्याखात्यांतल्या मोबाइलवर फिरू लागला. वर कोणी तरी एक ओळ जोडली होती : ‘तांबेचोर अखेर सापडला.’ हे गृहस्थ वस्तीतल्या गणेशोत्सव मंडळाचे अकरा वर्षे खजिनदार. मंडळाची पोरे एके संध्याकाळी घरी आली, चहा प्याली आणि म्हणाली, ‘काका, यंदा जरा दुसऱ्याला संधी देऊ या.’ काकांनी वही आणि पावतीपुस्तके काढून दिली. दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आले. म्हणाले, ‘भाऊ, नोकरी गेली तिचे पैसे तरी मिळाले. या वहीचे काय?’

या प्रश्नाचे उत्तर सांगायचे तर थोडे दूर जावे लागते. आपल्याकडे दिवाणी अब्रूनुकसानीचा लिखित कायदा नाही. कोर्टे इंग्रजी न्यायाधीशांनी घडवलेल्या तत्त्वांवर चालतात. आणि नोकर-मालकांच्या बाबतीत त्या तत्त्वांचे मूळ शोधत गेले, तर ते एका सुतारापाशी जाऊन पोचते, ही आम्हांला मोठी मौजेची गोष्ट वाटते.

साल १८३४. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात स्पायरिंग नावाचा शेतकरी तिथल्या जमीनदाराचे कूळ होता. त्याच्याकडे दुरुस्तीचे काम निघाले, म्हणून जमीनदाराच्या कारभाऱ्याने टूगुड नावाचा रोजंदारीवरचा सुतार धाडला. काम स्पायरिंगला पसंत पडले नाही. त्याने तीन वेळा तोंड उघडले. पहिल्या वेळी टेलर नावाच्या दुसऱ्या एका माणसादेखत तो सुताराला म्हणाला, तू माझ्या तळघराचे दार फोडलेस, दारू प्यालास आणि काम बिघडवलेस. दुसऱ्या वेळी सुतार निघून गेल्यावर तेच तो एकट्या टेलरला म्हणाला. तिसऱ्या वेळी कारभाऱ्याकडे जाऊन त्याने तीच तक्रार केली. शब्द जवळपास तेच, बोलणारा तोच, सुतारही तोच. पण न्यायमूर्ती पार्क यांनी तिन्ही बोलण्यांना वेगवेगळे तोलले. कारभाऱ्याकडे तक्रार करणे हा स्पायरिंगचा हक्कच होता, कारण सुतार त्यानेच धाडला होता. सुताराला तोंडावर दोष देणे हेही प्रामाणिकपणे केले असेल तर क्षम्य. तिसरा माणूस तिथे होता एवढ्यानेच ते बिघडत नाही. मात्र सुताराच्या पाठीमागे टेलरला ते सांगण्याचे काही कारण नव्हते. टेलरला त्याच्याशी कर्तव्य नव्हते आणि त्याने ते विचारलेही नव्हते. त्या बोलण्याला संरक्षण नाही.

आमच्या मते फुटलेल्या चौकशीचा सगळा कायदा या तीन बोलण्यांत आहे. बोलणे खरे की खोटे हा प्रश्न आहेच. पण ज्याला सांगितले त्याचा त्या गोष्टीशी संबंध काय, आणि सांगणाऱ्याला ती त्याला सांगण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्याच्या बरोबरीचा आहे. संबंध आणि प्रयोजन असले, तर बोलणे पुढे चुकीचे ठरले तरी बोलणारा वाचतो. फक्त त्याच्या मनात आकस असता कामा नये. संबंध नसला, तर बोलणाऱ्याला आपले बोलणे खरे होते हे स्वतः शाबीत करावे लागते. चौकशी-अधिकाऱ्याने मालकाला लिहिले, मालकाने पर्सोनेल खात्याला कळवले, साक्षीदाराने चौकशीत सांगितले, या सगळ्या कारभाऱ्याजवळच्या गोष्टी. मोबाइलवर फिरले ते टेलरजवळचे बोलणे.

जाता जाता एक गोष्ट. त्याच १८३४ साली, डेव्हनला लागून असलेल्या डॉर्सेट परगण्यात, टॉलपडल गावच्या सहा शेतमजुरांना संघटनेची गुप्त शपथ घेतली म्हणून सात वर्षांच्या हद्दपारीची सजा झाली. मजुरांनी एकत्र बसायचे म्हटले तर कायद्याचे दार बंद, आणि एकट्या सुताराच्या अब्रूसाठी मात्र तेच दार किलकिले. संघटनेचे दार पुढे लढून उघडले. पण अब्रूचा कायदा अजूनही एकट्या माणसाचाच राहिला आहे. कामगाराच्या अब्रूचा दावा युनियनला आपल्या नावाने लावता येत नाही. ज्याची अब्रू त्यानेच उभे राहायचे. आणि दावा चालू असता दावेकरी वारला, तर दावाही त्याच्याबरोबर संपतो; वारसांकडे तो जात नाही.

आपल्याकडे अब्रूनुकसानी हा फौजदारी गुन्हाही आहे. मेकॉले यांच्या समितीने १८३७ साली दंडसंहितेचा मसुदा केला, १८६० साली तो कायदा झाला, आणि त्यातले ४९९ वे कलम दीडशे वर्षांहून अधिक काळ चालले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचे ३५६ वे कलम आले. मजकूर जवळपास जुनाच आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि आता समाजसेवेची शिक्षाही त्यात घातली आहे. बोलण्यासाठी तुरुंग असावा काय, हा वाद सुप्रीम कोर्टापुढे गेला होता. २०१६ साली कोर्टाने कलम कायम ठेवले. आम्हांस तो निकाल रुचला नाही, कारण या कलमाचा धाक गरिबापेक्षा श्रीमंताच्या हाती जास्त चालतो. असो.

या कलमाचे दहा अपवाद कामगाराने जरूर वाचावेत. त्यांत त्याचेच चित्र आहे. ज्याला दुसऱ्यावर कायदेशीर अधिकार आहे त्याने सद्भावाने दिलेला दोष हा गुन्हा नव्हे. उदाहरण म्हणून कायद्याने कामात हयगय करणारा नोकर आणि त्याचा मालक, बँकवाला आणि त्याचा कॅशियर यांच्याच जोड्या दिल्या आहेत. नोकराच्या वागणुकीची तक्रार त्याच्या मालकाकडे सद्भावाने करणे हाही गुन्हा नव्हे. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हिताच्या रक्षणासाठी बोलणे, सावधगिरीची सूचना देणे, यांनाही सूट आहे. पण ‘सद्भाव’ या शब्दाची कायद्याने केलेली व्याख्या कडक आहे : योग्य ती काळजी आणि लक्ष यांवाचून केलेली गोष्ट सद्भावाची नव्हे. ‘माझ्या मनात वाईट नव्हते’ असे म्हणून भागत नाही. बोलण्यापूर्वी खातरजमा काय केलीत, ते विचारले जाते. कोर्टाच्या कामकाजाचा खरा वृत्तांत छापायलाही सूट आहे. परंतु कारखान्यातली चौकशी म्हणजे कोर्ट नव्हे, म्हणून फुटलेला अहवाल छापणाऱ्याने त्या अपवादाच्या भरवशावर राहू नये.

खरेपणाच्या बाबतीत दिवाणी आणि फौजदारी यांत एक भेद आहे. दिवाणी दाव्यात बोलणे खरे होते असे शाबीत झाले की दावा बुडाला, मग सांगणाऱ्याचा हेतू काही का असेना. फौजदारीत नुसता खरेपणा पुरत नाही. ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते. यावरून कोणी म्हणेल, अहवाल तर खराच आहे. चौकशी-अधिकाऱ्याने तसे लिहिले हे काही खोटे नाही. इथे पुष्कळजण फसतात. दुसऱ्याने केलेला आरोप तिसऱ्याला सांगणारा, ‘मी नुसते त्याचे शब्द सांगितले’ असे म्हणून सुटत नाही. अधिकाऱ्याने लिहिले हे खरे आहे की नाही, हा प्रश्नच नसतो. लिहिलेली गोष्ट खरी आहे की नाही, हा असतो. आणि आमच्या स्टोअरकीपरच्या बाबतीत तर लिहिलेले होते निष्काळजीपणा आणि पसरवले चोरी.

मग त्यांनी दावा कोणावर लावायचा? या एका प्रश्नापाशी अर्धी प्रकरणे मरतात. मालकावर लावायचा तर मालक म्हणतो, मी कागद कपाटात ठेवला होता. कारकुनाने आपल्या मोबाइलवर फोटो काढला तो माझ्या कामासाठी नव्हे. नोकराने कामाच्या ओघात केलेल्या गोष्टीला मालक जबाबदार असतो, पण चहाटळपणा हे काही टाइम-ऑफिसचे काम नव्हे. कारकुनावर लावायचा तर फोटो त्यानेच काढला हे शाबीत करा. पुढे पाठवणाऱ्यांवर लावायचा तर कायद्याने प्रत्येक जण नव्याने प्रसिद्धी करणारा ठरतो. पण साठ माणसांवर दावा लावून जगायचे कसे, आणि त्यांतले निम्मे युनियनचेच सभासद! गटाच्या प्रमुखाला धरावे, असे पुष्कळांच्या मनात येते. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली एका वेगळ्या गुन्ह्याच्या प्रकरणात सांगितले आहे की, सभासदाने टाकलेल्या मजकुरासाठी गटाचा प्रमुख केवळ प्रमुख म्हणून गुन्हेगार होत नाही. दोघांचा मिळून हेतू होता असे दिसले पाहिजे. आमच्या गृहस्थांनी शेवटी दावा लावला नाही. युनियनने कंपनीला पत्र दिले. बरीच ओढाताण झाली. आणि ज्या नोटीस-बोर्डाशी लोक हजेरीला थांबतात तिथेच दोन ओळी लागल्या की, सदर कर्मचाऱ्यावर चोरीचा आरोप नव्हता व तसा निष्कर्षही नाही. त्या कागदाचा फोटो मात्र आम्हीच काढवून घेतला, आणि तो सगळ्या गटांत फिरला.

‘प्रसिद्धी’ हा शब्द वर आला, त्याचा अर्थ सांगितला पाहिजे. कायद्याची प्रसिद्धी वर्तमानपत्रातलीच असावी लागत नाही. आपल्याशिवाय आणखी एकाच्या कानी किंवा डोळ्यांपुढे गोष्ट गेली की प्रसिद्धी झाली. बंद पाकिटातून फक्त तुम्हांलाच आलेले पत्र ही प्रसिद्धी नव्हे. उघड्या पोस्टकार्डावर लिहिले तर ते वाटेत वाचले गेले असे कायदा धरून चालतो. १९५८ साली पाटणा हायकोर्टापुढे एक चमत्कारिक दावा आला. एकाने दुसऱ्याला उर्दूत पत्र लिहिले; ज्याला लिहिले त्याला उर्दू येत नव्हते; त्याने ते तिसऱ्याकडून वाचून घेतले, आणि अब्रू गेली म्हणून दावा केला. कोर्ट म्हणाले, याला उर्दू येत नाही हे लिहिणाऱ्याला ठाऊक होते, असे शाबीत झाल्याशिवाय ती त्याने केलेली प्रसिद्धी नव्हे. आमच्या कारखान्यांतून हा नित्याचा अनुभव. आरोपपत्र इंग्रजीत येते आणि माणूस ते शेजारच्या कॉलेजातल्या पोराकडून वाचून घेतो. कामगाराला इंग्रजी येत नाही हे मालकाला पक्के ठाऊक असते. तेव्हा आरोपपत्र मराठीत मागण्याला हेही एक कारण आहे. आणि मागणी लेखी करावी, म्हणजे मालकाला ‘ठाऊक नव्हते’ म्हणता येणार नाही.

वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात ‘जाहीर नोटीस’ या मथळ्याखाली माणसाचा फोटो येतो आणि खाली ‘सदर इसम आमच्या नोकरीत नाही, त्याच्याशी केलेल्या व्यवहारास आम्ही जबाबदार नाही’ असा मजकूर असतो, तो सर्वांनी पाहिला असेल. वसुली करणारा किंवा ऑर्डर घेणारा माणूस सोडून गेला, तर गिऱ्हाइकांना सांगणे मालकाला भाग असते. तेवढे संरक्षण त्याला आहे. पण लेथवर काम करणाऱ्या माणसाचा फोटो छापण्याचे काय कारण? त्याच्याशी गावात कोण व्यवहार करणार होते? आणि ‘गैरव्यवहारामुळे काढून टाकले’ हे शब्द कशाला? संरक्षण हे प्रसंगापुरते असते. प्रसंगाच्या गरजेपेक्षा जास्त बोलले की त्या जास्तीच्या बोलण्यातूनच आकस दिसू लागतो.

नव्या ठिकाणी नोकरी मागायला गेल्यावर जुन्या मालकाकडे चौकशी होते, हा याच्या पुढचा मुक्काम. पुण्याच्या संगणक कंपन्यांत तर यासाठी पैसे घेऊन पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्थाच असतात. विचारणाऱ्याचा संबंध आहे आणि सांगणाऱ्याचे प्रयोजन आहे. म्हणजे ही कारभाऱ्याजवळची गोष्ट. जुन्या मालकाने निष्काळजीपणे खोटे सांगितले तरी, आकस शाबीत झाल्याशिवाय, दिवाणी अब्रूनुकसानीत तो सुटतो. इंग्लंडात एका विमा कंपनीच्या माजी प्रतिनिधीचे असेच झाले. जुन्या कंपनीने त्याच्या सचोटीविषयी असे काही लिहिले की पुढची दारे बंद झाली. हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ साली ‘स्प्रिंग’ खटल्यात वेगळी वाट काढली : अब्रूनुकसानी म्हणून नव्हे, पण शिफारसपत्र लिहिताना वाजवी काळजी घेण्याचे कर्तव्य मोडले म्हणून नुकसानभरपाई मागता येईल. तो निकाल आपल्या कोर्टांवर बंधनकारक नाही. पण युक्तिवादात तो दाखवायला हरकत नाही. सरकारी आणि निमसरकारी नोकरीत सुप्रीम कोर्टाचा १९९९ सालचा दीप्तिप्रकाश बॅनर्जी यांचा निकाल अधिक जवळचा आहे. काढून टाकण्याचा हुकूम वरवर साधा असला तरी त्यात ज्या कागदांचा उल्लेख आहे त्यांत कलंक लावणारा मजकूर असेल, तर हुकूमच कलंकित ठरतो. कारण पुढचा मालक ते कागद मागू शकतो, असे कोर्टाने म्हटले. हुकूमाच्या तळाशी ‘संदर्भ’ म्हणून लिहिलेल्या पत्रांच्या तारखाही वाचाव्या, त्या यासाठी.

येथपर्यंत आम्ही आरोप झालेल्याच्या बाजूने बोललो. पण एका ठिकाणी पुरुष सभासदांशी आमचा खटका उडतो, तो लपवून ठेवणार नाही. कामाच्या जागी बाईच्या लैंगिक छळाची तक्रार झाली, समितीने ती खरी धरली, आणि तो निष्कर्ष फुटला, की काढलेला माणूस युनियनकडे येऊन म्हणतो, तिच्यावर अब्रूनुकसानीचा दावा लावा. २०१३ च्या कायद्याचे सोळावे कलम दोघांनाही झाकते. तक्रार, तक्रार करणारीचे नाव, ज्याच्यावर तक्रार आहे त्याचे नाव, साक्षीदार, चौकशी, शिफारशी, केलेली कारवाई, यांतले काही जाहीर करता येत नाही. बाईला न्याय मिळाला एवढे मात्र नाव-गाव न देता सांगता येते. हे काम ज्यांच्याकडे सोपवले आहे त्यांनी ते फोडले, तर सेवानियमांप्रमाणे कारवाई आणि तसे नियम नसतील तर ५००० रुपये दंड. एवढ्याशा रकमेला कोण भिणार, हे खरे. पण कागद समितीने किंवा कचेरीने फोडला असेल, तर राग त्यांच्यावर काढावा. बाईने तक्रार केली ती योग्य जागी, कारभाऱ्याजवळ, केली. सद्भावाने केलेल्या त्या तक्रारीला कायद्याचे संरक्षण आहे, आणि ते असलेच पाहिजे. नाही तर उद्या मुकादमाविरुद्ध कोणी तोंड उघडणार नाही. माजी मंत्री व संपादक एम. जे. अकबर यांनी पत्रकार प्रिया रमाणी यांच्यावर लावलेल्या फौजदारी खटल्यात दिल्लीच्या कोर्टाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी रमाणींना निर्दोष सोडले, आणि पुरुषाच्या लौकिकाचे रक्षण बाईच्या प्रतिष्ठेचा बळी देऊन करता येणार नाही, अशा अर्थाचे म्हटले. त्यावर अपील झाले आहे. तो खटला फुटलेल्या अहवालाचा नव्हता. पण युनियनच्या कचेरीत बसून बाईला नोटीस काढायला सांगणाऱ्याने तो वाचावा.

आमच्या कार्यकर्त्यांचीही एक गोड समजूत आहे की, युनियनच्या हँडबिलाला सगळे माफ. मद्रासच्या बकिंगहॅम मिलच्या प्रकरणात कामगार पुढाऱ्यांविरुद्ध कोर्टाचा मनाई हुकूम निघाला, त्यानंतर ना. म. जोशी यांनी १९२१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात हा विषय धरून लावला, आणि १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. त्याने संपात करारभंगाला उत्तेजन दिल्याच्या दाव्यापासून संरक्षण दिले. अब्रूनुकसानीपासून दिले नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा औद्योगिक संबंध संहितेत विलीन झाला, तरी ही स्थिती तीच आहे. मॅनेजरच्या विरुद्धचा चौकशी अहवाल हाती लागला म्हणून गेटवर लावणारा कार्यकर्ता आणि कामगाराचा अहवाल मोबाइलवर टाकणारा कारकून कायद्यापुढे एकाच रांगेत उभे राहतात. त्याच संहितेने स्थायी आदेशांची सक्ती तीनशे आणि त्याहून जास्त कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. केंद्राच्या १९४६ च्या कायद्यात हा आकडा शंभर होता. लहान कारखान्यात चौकशी कशी करावी आणि कागद कोणाच्या ताब्यात राहावा, हे त्यामुळे आता करारातच लिहून घ्यावे लागेल.

सर्वांत अवघड गोष्ट मुदतीची आहे. बदनामीच्या भरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत लावावा लागतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात तसे आहे. फौजदारी तक्रारीला तीन वर्षे मिळतात. ती पोलिसांकडे नव्हे, मॅजिस्ट्रेटपुढे, ज्याची अब्रू गेली त्यानेच करायची. उलट बडतर्फी गैर होती की नाही याचा निकाल लागायला चार वर्षे लागली तर ते लवकर म्हणायचे. कामगार म्हणतो, आधी तिथे जिंकतो, मग यांना पाहतो. जिंकून येतो तेव्हा वर्ष केव्हाच उलटलेले असते. कामगार न्यायालयातला तंटा चालू आहे म्हणून हे वर्ष थांबत नाही. कोणी नव्याने मजकूर पसरवला तर त्या प्रसिद्धीपुरते नवे वर्ष सुरू होते, पण त्यावर विसंबून राहणे धोक्याचे. म्हणून दावा करायचाच असेल तर तो वर्षाच्या आत दाखल करून ठेवावा, आणि बडतर्फीच्या निकालापर्यंत तो तहकूब ठेवण्याची कोर्टाला विनंती करावी. ती मानणे न मानणे कोर्टाच्या हातात आहे. दिवाणी दाव्याचा कोर्ट-फी स्टॅम्प मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात लागतो, तेव्हा दहा लाखांचा आकडा टाकून छाती फुगवण्यापूर्वी स्टॅम्पचा हिशेब करावा.

पुराव्याचे म्हणाल तर मोबाइलवरचा मजकूर दिसताच जपून ठेवावा : कोणाकडून आला, कोणत्या तारखेला, कोणत्या गटात. ज्या मोबाइलवर तो आला तो विकू नये, बदलू नये. २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकिलाकडून आधीच करून घ्यावे. ज्यांनी तो वाचला त्यांतल्या एक-दोघांनी साक्षीला यायला कबूल झाले पाहिजे, आणि आमच्या अनुभवाने हेच सर्वांत जड जाते; वाचलेले सगळ्यांनी असते, पाहिले म्हणायला कोणी तयार नसते. आपला अहवाल आपणच रागाच्या भरात दहाजणांना दाखवू नये. जे आपणच प्रसिद्ध केले त्याचा दोष दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि समझोता करून नोकरी सोडायची असेल, तर पैशाच्या आकड्यावर सही करण्यापूर्वी आणखी दोन कलमे मागावीत. चौकशीचा अहवाल कोणाला दाखवायचा व कोणाला नाही, हे एक. दुसरे, विचारणा झाल्यास कंपनी काय सांगेल तो मजकूर; नुसता ‘योग्य ते सेवा-प्रमाणपत्र देऊ’ असा मोघम शब्द नव्हे, तर प्रमाणपत्राचा मजकूरच टाइप करून समझोत्याला जोडावा आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्याव्यात.